निकाल आणि उकल : समाजाभिमुख पोलीसकार्यातील समस्या-निरसनाची पद्धती

१. विषयप्रवेश

एखादे प्रकरण ‘निकाली निघते’ आणि एखादा प्रश्न ‘सुटतो’, असे मराठीत म्हटले जाते. दोन्ही क्रियापदे कशाचा तरी शेवट सुचवितात; परंतु हे दोन शेवट एकाच जातीचे नव्हेत. निकाली निघालेल्या प्रकरणाचे कागद दप्तरात बांधले जातात. त्या प्रकरणाला जन्म देणारी परिस्थिती मात्र पूर्वी होती तशीच राहू शकते. ‘सुटणे’ हे क्रियापद मुळात गाठीच्या आणि गुंत्याच्या संदर्भातील आहे. गुंता सोडवावयाचा तर दोरा कोठे अडकला आहे हे आधी पाहावे लागते. नुसते ओढल्याने गाठ अधिकच आवळते. पोलिसांच्या कार्यासंबंधी गेल्या अर्धशतकात जे महत्त्वाचे वैचारिक परिवर्तन घडून आले, त्याचे सार या दोन क्रियापदांतील भेदात सांगता येण्यासारखे आहे. प्रकरणे निकाली काढणे हेच पोलिसांचे काम, की प्रकरणे ज्यांतून उद्भवतात ते प्रश्न सोडविणे हेही त्यांचे काम, हा तो वाद होय.

या भेदाचे अगदी साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या वस्तीत सार्वजनिक नळावर भांडणे होतात. भांडण हातघाईवर आले की कोणीतरी ठाण्यावर जातो. ठाणे अंमलदार तक्रार ऐकून घेतो, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतो, दोन्ही पक्षांना समज देतो आणि प्रकरण मिटते. पुढील आठवड्यात त्याच नळावर दुसऱ्या दोन कुटुंबांचे भांडण होते आणि त्याचीही नोंद होते. वर्षअखेर नोंदवहीत अशा पंचवीस नोंदी असल्या, तर दप्तराच्या दृष्टीने पंचवीस प्रकरणे झाली व पंचवीसही निकाली निघाली. वस्तुतः तेथे प्रश्न एकच होता : पाणी अवेळी व अपुरे येत होते आणि रांगेचा नियम कोणी ठरविला नव्हता. तो प्रश्न कोणत्याही नोंदीत नव्हता, म्हणून तो कोणाच्याही विचाराचा विषय झाला नाही.

घटनांकडून घटनांच्या समूहाकडे आणि त्या समूहाच्या कारणांकडे पोलिसांची दृष्टी वळविणारी जी पद्धती, तिला येथे ‘समस्याकेंद्री पोलीसकार्य’ असे म्हटले आहे. नागरिकांशी नित्य संबंध व सहकार्य यांवर भर देणाऱ्या व्यापक विचारासाठी ‘समाजाभिमुख पोलीसकार्य’ ही संज्ञा योजली आहे. या दोन कल्पना पुष्कळदा एकत्र उच्चारल्या जातात. परंतु त्या एकरूप नाहीत. त्यांचा परस्परसंबंध काय, आणि एकीवाचून दुसरी किती फलद्रूप होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. गस्त आणि तिची परीक्षा

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पोलीस-सुधारणेचा आदर्श ‘व्यावसायिक’ पोलीसदलाचा होता. राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त, शिस्तबद्ध, मोटारगाडी व बिनतारी यंत्रणा यांनी सुसज्ज असे दल निर्माण करावयाचे. त्याने शहरभर गस्त घालावयाची आणि दूरध्वनीवरून हाक येताच तत्काळ धाव घ्यावयाची, असे त्या आदर्शाचे स्वरूप होते. गस्तीची गाडी रस्त्यावर दिसत राहिली म्हणजे गुन्हेगारास वचक बसतो, हे त्यामागील गृहीत तत्त्व होते. ते इतके स्वयंसिद्ध वाटे, की त्याची परीक्षा घ्यावी असे फारसे कोणास वाटले नव्हते.

ही परीक्षा मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरात १९७२ च्या ऑक्टोबरपासून १९७३ च्या सप्टेंबरपर्यंत घेण्यात आली. शहराच्या दक्षिण विभागातील १५ बीटांचे पाच-पाचांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटात नित्याची गस्त बंद करण्यात आली. बोलावणे आले तरच पोलिसांनी तेथे प्रवेश करावयाचा होता. दुसऱ्या गटात गस्त पूर्ववत ठेवली, तर तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट वाढविली. वर्षभरानंतर पाहता, गुन्ह्यांचे प्रमाण, नागरिकांना वाटणारी भीती आणि पोलिसांविषयी त्यांचे समाधान, या बाबतींत तिन्ही गटांत लक्षणीय असा फरक आढळला नाही. गस्त निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. विवक्षित हेतूवाचून सर्वत्र सारखी शिंपडलेली गस्त अधिक वा उणी केल्याने फारसे बिघडत नाही किंवा साधतही नाही, एवढाच मर्यादित निष्कर्ष त्यातून निघतो. परंतु पोलिसांच्या वेळेचा फार मोठा भाग ज्या कामी खर्च होत होता, त्याच्या मूलभूत गृहीतालाच या निष्कर्षाने धक्का दिला. त्वरेने धाव घेण्याच्या उपयुक्ततेविषयीही पुढील अभ्यासांनी शंका उपस्थित केली. कारण घटना घडल्यानंतर लोक पोलिसांना कळविण्यातच पुष्कळदा इतका वेळ घेतात, की गाडी दोन मिनिटे लवकर पोहोचल्याने विशेष काही हाती लागत नाही.

३. गोल्डस्टीन यांची मीमांसा

या पार्श्वभूमीवर विस्कॉन्सिन विद्यापीठातील विधी-विद्यालयाचे प्राध्यापक हर्मन गोल्डस्टीन (१९३१–२०२०) यांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. समस्याकेंद्री पोलीसकार्याची कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम मांडली गेली ती या निबंधात. पुढे १९९० साली तिचा विस्तार करणारा ग्रंथही त्यांनी लिहिला. गोल्डस्टीन यांनी १९६० ते १९६४ या काळात शिकागोच्या पोलीस-प्रमुखांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. तेव्हा त्यांची टीका ही बाहेरून पाहणाऱ्याची टीका नव्हती.

त्यांचा मुख्य आक्षेप असा, की पोलीस-संघटना साधनांच्या चिंतेत साध्य विसरतात. मनुष्यबळ, वाहने, पदांची रचना, प्रशिक्षणाचे तास, धाव घेण्यास लागलेला वेळ यांचे हिशेब काटेकोर ठेवले जातात. परंतु ज्या कारणासाठी हे सारे उभे केले, त्या समाजातील उपद्रव कमी झाला किंवा नाही, हे क्वचितच विचारले जाते. या वृत्तीचा मासला म्हणून निबंधाच्या आरंभी त्यांनी इंग्लंडमधील एका बससेवेची हकीकत दिली आहे. थांब्यांवर प्रवाशांच्या रांगा उभ्या असूनही बसगाड्या न थांबता निघून जात. प्रवाशांनी तक्रार केली, तेव्हा प्रवासी घेण्यासाठी थांबत राहिल्यास चालकांना वेळापत्रक पाळणे अशक्य होईल, असा खुलासा करण्यात आला. ही हकीकत हास्यास्पद वाटते खरी. परंतु ज्या संस्थेत कामाचे माप कामाच्या हेतूपासून तुटते, त्या प्रत्येक संस्थेत कमी-अधिक प्रमाणात हेच घडत असते, हे गोल्डस्टीन यांचे म्हणणे होते.

यावर त्यांनी सुचविलेला उपाय तीन अंगांचा होता. प्रथम, समस्येची व्याख्या पुरेशी सूक्ष्म करावयाची. नंतर तिचे स्वरूप, व्याप्ती आणि आजवरच्या उपायांचा परिणाम यांचे संशोधन करावयाचे. आणि शेवटी, अटक व खटला या रूढ मार्गांपुरते न थांबता अन्य पर्यायांचा शोध घ्यावयाचा. स्थळाच्या रचनेत बदल करणे, नगरपालिकेच्या सेवा सुधारणे, नागरिकांना विश्वसनीय माहिती पुरविणे, परवान्यांच्या अटी कडक करणे, तंटा मिटविण्याचे कौशल्य पोलिसांस शिकविणे हे सारे त्या पर्यायांत येते. फौजदारी कायदा हे पोलिसांच्या हातातील एक साधन होय. तेच त्यांच्या कार्याचे सर्वस्व नव्हे, ही भूमिका यात अनुस्यूत आहे.

४. नामकरणाचा प्रश्न

गोल्डस्टीन यांच्या मीमांसेतील ज्या भागाकडे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष विशेषेकरून जावे, तो नामकरणासंबंधीचा आहे. पोलिसांच्या नोंदी कायद्याच्या परिभाषेत होतात. चोरी, घरफोडी, दुखापत, आग लावणे ही नावे न्यायालयासाठी घडविलेली आहेत. कोणते कृत्य कोणत्या शिक्षेस पात्र आहे, हे ठरविण्यास ती पुरी पडतात. परंतु ते कृत्य का घडले व पुन्हा घडू नये यासाठी काय करावे, हे समजण्यास ती अपुरी ठरतात. आग लावण्याचाच गुन्हा घेतला, तर एक आग उनाड मुलांनी गंमत म्हणून लावलेली असते, दुसरी विम्याचे पैसे मिळविण्यासाठी, तिसरी दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा नष्ट करण्यासाठी, चौथी मनोविकृतीतून, तर पाचवी कोणास दहशत बसावी म्हणून. कायद्याने या पाचांना एकच नाव दिले. परंतु पाचांवरचे उपाय पाच आहेत. उलटपक्षी, एकाच दारूगुत्त्याभोवती घडणारी मारामारी, पाकीटमारी, स्त्रियांची छेड आणि रात्रीचा गोंगाट यांची नोंद चार निरनिराळ्या शीर्षकांखाली होते आणि त्यांचे एकत्व दप्तरात कोठेच दिसत नाही. एका नावाखाली अनेक समस्या आणि अनेक नावांखाली एक समस्या, असा हा दुहेरी घोटाळा आहे. शब्द आणि अर्थ यांच्यातील अनेकार्थता व समानार्थता यांच्याशी परिचय असलेल्या वाचकास त्याचे नवल वाटणार नाही. मात्र येथे अर्थनिश्चितीतील चुकीची किंमत एखाद्या वस्तीच्या सुरक्षिततेने मोजावी लागते.

‘समस्या’ या पदाचा पारिभाषिक अर्थही येथे निश्चित केला पाहिजे. समस्याकेंद्री विचारात समस्या म्हणजे एकटीदुकटी घटना नव्हे. परस्परसदृश अशा, पुनःपुन्हा घडणाऱ्या, समाजातील लोकांना उपद्रव देणाऱ्या आणि ज्यांचे निवारण पोलिसांनी करावे अशी लोकांची अपेक्षा आहे, अशा घटनांचा समूह म्हणजे समस्या. सादृश्य कोणत्याही अंगाने असू शकते. स्थळ एक असेल, वेळ एक असेल, कर्ता तोच असेल, बळी पडणारा तोच असेल, किंवा रीत तीच असेल.

मराठीतील ‘बंदोबस्त’ हा शब्दही या संदर्भात उद्बोधक आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा पोलीस-व्यवहारातील अर्थ आज ‘विवक्षित प्रसंगी ठेवलेला पहारा’ असा झाला आहे. मिरवणुकीस बंदोबस्त असतो आणि मिरवणूक संपली की तो उठतो. परंतु घरगुती भाषेत उंदरांचा किंवा गळक्या छपराचा ‘कायमचा बंदोबस्त’ केला जातो, तेव्हा तो पहारा नसतो. ती मुळावर घातलेली उपाययोजना असते. समस्याकेंद्री विचाराची मागणी एवढीच आहे, की पहिल्या अर्थाच्या बंदोबस्ताबरोबर दुसऱ्या अर्थाच्या बंदोबस्ताचाही विचार ठाण्यात व्हावा.

५. पद्धतीची चार पावले

या कल्पनेला कार्यवाहीचे रूप व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज या जहाजबांधणीच्या शहरात मिळाले. तेथील पोलीसदलात १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास झालेल्या प्रयोगाचा अहवाल जॉन एक व विल्यम स्पेलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. या प्रयोगात वापरलेल्या चार पायऱ्या पुढे सर्वत्र रूढ झाल्या. त्यांना मराठीत शोध, विश्लेषण, उपाय आणि मूल्यमापन असे म्हणता येईल. नोंदी व नागरिकांचे बोलणे यांवरून समस्या हेरणे हा शोध. ती कोणास, कोठे, केव्हा व का भोवते याचा छडा लावणे हे विश्लेषण. त्या विश्लेषणातून निघालेली कृती हा उपाय. आणि त्या कृतीने काही साधले किंवा नाही हे तपासणे हे मूल्यमापन. ही पावले सरळ रेषेत पडतातच असे नाही; विश्लेषण करता करता समस्येची मूळ व्याख्याच चुकली होती असे आढळल्यास पुन्हा आरंभापासून निघावे लागते.

विश्लेषणासाठी बहुधा एका त्रिकोणाचा आधार घेतला जातो. लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन यांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले, की गुन्हा करण्यास प्रवृत्त झालेला मनुष्य, योग्य असे लक्ष्य आणि रक्षणकर्त्याचा अभाव या तिहींचा स्थल-कालात संगम झाला म्हणजे गुन्हा घडतो. या उपपत्तीवरून कर्ता, लक्ष्य आणि स्थळ अशा तीन बाजूंचा त्रिकोण कल्पिण्यात आला. पुढे प्रत्येक बाजूस एक-एक नियंत्रक जोडला गेला : कर्त्याला आवरू शकणारी आप्त किंवा वडीलधारी माणसे, लक्ष्याचे रक्षण करणारे शेजारी वा सोबती, आणि स्थळाची व्यवस्था पाहणारे मालक-चालक. या मांडणीचा लाभ असा, की ‘गुन्हेगार पकडला का?’ या एका प्रश्नाच्या जागी सहा प्रश्न उभे राहतात, आणि त्यांपैकी कोणत्याही एकाचे उत्तर सापडले तरी गुन्ह्याचा संगम मोडण्याची शक्यता निर्माण होते.

६. दोन उदाहरणे

न्यूपोर्ट न्यूज येथील न्यू ब्रायरफील्ड ही सदनिकांची वसाहत घरफोड्यांसाठी कुप्रसिद्ध होती. पोलिसांनी रहिवाशांच्या घरोघरी जाऊन चौकशी केली, तेव्हा घरफोड्यांइतकाच इमारतींच्या दुर्दशेचाही पाढा वाचला गेला. दारे-खिडक्या इतक्या जीर्ण झाल्या होत्या की कुलपाचा उपयोग नव्हता, रिकाम्या सदनिका चोरांना आडोसा देत होत्या, आवारात कचरा व मोडक्या गाड्या पडल्या होत्या. अर्थात चोरांचा पाठलाग करणे हा त्या प्रश्नाचा एक अंश मात्र होता. पोलिसांनी नगरशासनाच्या निरनिराळ्या खात्यांना एकत्र आणले, आवार स्वच्छ करविले, रहिवाशांना संघटित होण्यास साहाय्य केले आणि वसाहतीच्या पुनर्वसनाचा प्रश्न धसास लावला. या काळात तेथील घरफोड्या ३५ टक्क्यांनी घटल्याचे अहवालात नमूद आहे. याच प्रयोगात जहाजबांधणी कारखान्याच्या परिसरातील गाड्यांमधून होणाऱ्या चोऱ्यांचा विचार झाला. तेथे तर विश्लेषणासाठी पोलिसांनी पकडलेल्या चोरांशीच संभाषण केले आणि कोणत्या गाड्या ते हेरतात व का, हे त्यांच्याकडून समजून घेतले. त्या चोऱ्या निम्म्याहून अधिक घटल्या.

दुसरे उदाहरण बोस्टन शहराचे. तेथे तरुणांमधील बंदुकीच्या हत्यांचे प्रमाण १९९० च्या सुमारास फार वाढले होते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक व पोलीस यांनी मिळून विश्लेषण केले असता असे दिसून आले, की शहरातील सुमारे १,३०० तरुण, म्हणजे त्यांच्या वयोगटाच्या एक टक्क्याहूनही कमी मुले, टोळ्यांत होती आणि तरुणांच्या हत्यांपैकी निदान ६० टक्के हत्यांशी त्या टोळ्यांचा संबंध होता. ‘तरुणांचा हिंसाचार’ हे समस्येचे नाव तेव्हा फार ढोबळ ठरले. समस्या काही विवक्षित टोळ्यांमधील वैराची होती. १९९६ साली या टोळ्यांना समोर बसवून स्पष्ट सांगण्यात आले, की हिंसा झाल्यास संपूर्ण टोळीवर सर्व खात्यांचे लक्ष केंद्रित होईल. आणि ज्यांना त्या जीवनातून बाहेर पडावयाचे आहे, त्यांना साहाय्य मिळेल. या संदेशात धर्मोपदेशक व समाजकार्यकर्ते यांचाही सहभाग होता. मूल्यमापनात तरुणांच्या हत्यांचे मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या काळात अमेरिकेतील अन्य शहरांतही हत्या कमी होत होत्या, म्हणून घटीचे सर्व श्रेय या उपायास द्यावे किंवा नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि समस्येचे नाव बदलताच उपाय बदलला, हे या उदाहरणावरून निःसंशय दिसते.

७. समाजाचा सहभाग : पुरावा काय सांगतो?

समाजाभिमुख पोलीसकार्याचे समर्थक पोलीस व नागरिक यांच्यातील विश्वासावर भर देतात. बीटवरचा शिपाई लोकांना नावाने ओळखतो, मोहल्ल्यात बैठका होतात, लोक माहिती देतात आणि पोलीस ऐकतात. हे सर्व स्वागतार्ह होय. परंतु केवळ ऐकण्याने गुन्हे कमी होतात काय? उपलब्ध अध्ययनांचा २०१४ साली घेतलेला एक पद्धतशीर आढावा असे सुचवितो, की समाजाभिमुख उपक्रमांमुळे पोलिसांविषयीचे समाधान वाढते. गुन्ह्यांच्या प्रमाणावर मात्र त्यांचा परिणाम नगण्य असतो. याउलट समस्याकेंद्री उपक्रमांविषयीच्या ३४ अध्ययनांचा जो आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात तुलनेसाठी घेतलेल्या क्षेत्रांच्या मानाने गुन्हे व उपद्रव यांत सरासरी सुमारे ३४ टक्के घट आढळली. एका ठिकाणचा गुन्हा दाबला की तो शेजारी डोके वर काढतो, हा सामान्य आक्षेपही सर्वत्र खरा ठरत नाही. कित्येकदा शेजारच्या भागालाही उपायाचा लाभ मिळतो.

या निष्कर्षांना २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अध्ययनाची जोड दिली पाहिजे. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, फिलिपाइन्स, युगांडा आणि पाकिस्तान या सहा देशांत समाजाभिमुख पोलीसकार्याचे प्रयोग एकाच आराखड्यानुसार करण्यात आले. फल निराशाजनक होते : नागरिकांचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. कारणांचा विचार करताना संशोधकांनी तीन अडथळे नोंदविले. वरिष्ठांची आस्था टिकली नाही. अधिकाऱ्यांच्या वरचेवर बदल्या झाल्या. आणि लोकांनी बैठकांत जे प्रश्न सांगितले, ते सोडविण्यास लागणारी साधने पोलिसांपाशी नव्हती. तिसरा अडथळा सर्वांत मर्मभेदक आहे. लोकांना बोलावयास लावणे आणि नंतर काहीच न करणे, हे न विचारण्याहूनही वाईट. कारण त्यामुळे पुढच्या वेळी बोलण्याची इच्छाच मावळते. सारांश, समाजाचा सहभाग ही समस्या-निरसनाची दिशा व सामग्री होय; समस्या-निरसन ही त्या सहभागाची सार्थकता होय. एक दुसऱ्यावाचून पंगू राहते.

८. भिवंडीचा अनुभव

महाराष्ट्रात या विषयाचा विचार भिवंडीच्या उल्लेखावाचून पुरा होऊ शकत नाही. ठाणे जिल्ह्यातील या यंत्रमागांच्या शहराने १९७० व १९८४ साली भीषण जातीय दंगली पाहिल्या. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. अशा शहरांत प्रशासनाचा रूढ उपाय म्हणजे शांतता समिती. गावातील पुढारी व प्रतिष्ठित मंडळी तिचे सभासद असत, आणि तणाव निर्माण झाला किंवा सण जवळ आला म्हणजे तिची बैठक भरे.

१९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेले सुरेश खोपडे यांनी या रूढ उपायाची उपयुक्तता पारखली. ज्यांना दंगलीची झळ पोहोचते ते सामान्य रहिवासी समितीत नाहीत, आणि समिती भरते ती तणाव आल्यावर. म्हणजे ज्या वेळी परस्परांचा विश्वास सर्वांत कमी असतो, नेमकी तीच वेळ भेटीसाठी निवडली जाते. त्यांनी मोहल्लावार समित्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे सत्तर होती. त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य माणसे होती, बीटवरील पोलीस होते, आणि बैठका शांततेच्या काळातही नियमाने होत. बैठकांत दंगलीपेक्षा दैनंदिन जीवनातील लहानसहान तक्रारींचीच चर्चा अधिक होई. या क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारातूनच माणसे एकमेकांना ओळखू लागली आणि अफवेची शहानिशा कोणाकडे करावी हे प्रत्येकास कळले. समस्येचे नाव ‘दंगल’ असे न ठेवता ‘संपर्काचा अभाव व अफवेचा प्रसार’ असे ठेवले गेले, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ज्या दंगली उसळल्या, त्यांत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळात भिवंडीत मात्र मोठी दंगल झाली नाही. ही शांतता केवळ समित्यांमुळेच टिकली, असे काटेकोर अर्थाने सिद्ध करता येणार नाही. तुलनेसाठी दुसरी भिवंडी उपलब्ध नाही. परंतु आधीच्या दोन दंगलींचा इतिहास आणि त्या महिन्यांतील वातावरण लक्षात घेता, हा अनुभव योगायोग म्हणून बाजूस सारणेही शास्त्रीय ठरणार नाही. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, ती याच दिशेने.

त्याच शहरात जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष उफाळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक दगावले आणि दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. हा प्रसंग दोन समाजांमधील नव्हता, तर पोलीस व नागरिक यांच्यामधील होता. समित्यांच्या रूपाने जो संवाद एकदा उभा राहिला, तो अधिकारी बदलल्यावर आपोआप टिकत नाही आणि नव्या प्रश्नास आपोआप लागूही पडत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. चार माणसांच्या मृत्यूने शिकविलेला हा धडा २०२१ च्या अध्ययनातील ‘बदल्या’ या रुक्ष शब्दात दडलेला आहे.

९. मर्यादा व सावधगिरी

समस्याकेंद्री पद्धतीचा स्वीकार करताना काही धोके ओळखणे अगत्याचे आहे. पहिला धोका, पद्धतीचेच पुन्हा दप्तर होण्याचा. चार पायऱ्यांचा छापील तक्ता भरला की काम झाले, अशी समजूत रुजल्यास गोल्डस्टीन यांनी ज्या रोगावर औषध सुचविले, तोच रोग औषधाला जडेल. अनुभव असा आहे, की चार पायऱ्यांपैकी विश्लेषण व मूल्यमापन या दोन पायऱ्या बहुधा घाईने उरकल्या जातात. समस्या हेरल्याबरोबर परिचित उपायाकडे, म्हणजे अधिक गस्त व अधिक अटक यांकडे, मन धाव घेते.

दुसरा धोका मापाचा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत आणि नवे उद्भवू नयेत, हा तिचा हेतू समस्या-निरसनाच्या विचाराशी जुळणारा आहे. परंतु ज्या मोहिमेत मिटलेल्या तंट्यांच्या मोजणीस गुण व पारितोषिके असतात, तेथे तंटा ‘मिटणे’ आणि ‘मिटविला जाणे’ यांतील अंतर विसरले जाण्याचा संभव राहतो. ज्या पक्षाचे गावात वजन कमी, त्यालाच नमते घेण्याचा आग्रह होऊ शकतो. घरात मार खाणारी स्त्री किंवा मजुरीसाठी दुसऱ्याच्या दारावर अवलंबून असलेले कुटुंब यांच्या दृष्टीने ठाण्यातील नोंद हाच एकमेव आधार असतो. तेथे समेटाची घाई ही समस्येची उकल नसून तक्रारीचा निकाल असतो.

तिसरा धोका ‘समाज’ या एकवचनी शब्दात आहे. मोहल्ल्याच्या बैठकीस येणारे म्हणजेच मोहल्ला नव्हे. भाडेकरू, परप्रांतीय मजूर, रात्रपाळीचे कामगार, फेरीवाले आणि भटक्या जमातींतील कुटुंबे बहुधा त्या बैठकीत नसतात. कित्येकदा समस्या म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखविले जाते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांची त्यातून सुटका व्हावयास स्वातंत्र्योत्तर १९५२ साल उजाडावे लागले. समस्येचे नाव ठेवताना वर्तनाऐवजी माणसांच्या समूहाचे नाव ठेवले गेले म्हणजे काय अनर्थ होतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. ‘या चौकात रात्री दहानंतर मारामाऱ्या होतात’ हे समस्येचे विधान होय. ‘या चौकात अमुक लोक राहतात’ हे समस्येचे विधान नव्हे. हा भेद व्याकरणाइतकाच कठोरपणे पाळला गेला पाहिजे.

१०. उपसंहार

समस्या-निरसनाची पद्धती पोलिसांना समाजसुधारक होण्यास सांगत नाही, किंवा गुन्ह्याचा तपास सोडून देण्यासही सांगत नाही. घडलेल्या गुन्ह्याची नोंद, तपास व न्यायालयीन कार्यवाही ही कर्तव्ये अबाधितच राहतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि कार्यपद्धतीची कलमे बदलली; तरी नोंदीची एकक म्हणून ‘घटना’ होती तशीच आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ती तशी असणे योग्यही आहे. या पद्धतीची अपेक्षा एवढीच, की त्याच नोंदी पुन्हा एकदा निराळ्या क्रमाने वाचल्या जाव्यात : कलमांच्या क्रमाने नव्हे, तर स्थळ, काळ, व्यक्ती आणि कारण यांच्या क्रमाने. असे वाचन झाले, तर नळावरच्या पंचवीस भांडणांमागील एक प्रश्न दिसू लागेल. तो सोडविण्यासाठी फौजदारास कदाचित पाणीपुरवठा खात्याकडे पत्र लिहावे लागेल आणि वस्तीतील स्त्रियांना रांगेचा नियम ठरविण्यास एकत्र बसवावे लागेल. या कामाची नोंद कोणत्याही गुन्ह्याच्या तक्त्यात होणार नाही. परंतु पुढील वर्षी त्या नळासंबंधीच्या नोंदी पंचविसांऐवजी दोनच झाल्या, तर नोंदवहीतील त्या रिकाम्या जागा हेच त्या कामाचे प्रमाण होय. अशा रिकाम्या जागा वाचावयास शिकणे आणि त्यांचे श्रेय देण्याची रीत घालून देणे, हे पोलीस-प्रशासनापुढील व त्याचा अभ्यास करणाऱ्यांपुढील खरे काम आहे.